वेष्टनावरचा चेहरा

गायकाची कीर्ति त्याच्या कंठावर उभी असते, हा समज इतका दृढ आहे, कीं ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाविषयीं गंभीरपणें लिहिणें पुष्कळांस पोरकटपणाचें वाटेल. वेष्टन हा व्यापाऱ्याचा विषय आणि गाणें हा रसिकाचा, अशी सोयीची वाटणी करून आपण मोकळे होतों. डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) या इंग्रज पॉप गायकाच्या बाबतींत मात्र ही वाटणी टिकत नाहीं. गाणें कोणाच्या तोंडचें आहे, हें त्याच्या वेष्टनांवांचून पुरतें कळतच नाहीं.

बोवीचीं कित्येक उत्तम गाणीं नाटकांतील स्वगतांसारखीं आहेत. स्वगताला पात्र लागतें आणि पात्राला वेष लागतो. १९७२ सालच्या ‘झिगी स्टारडस्ट’च्या वेष्टनावर लंडनची हेडन स्ट्रीट ही लहानशी गल्ली दिसते. ब्रायन वॉर्डनें काढलेलें हें छायाचित्र मूळचें कृष्णधवल. रंग मागाहून हातानें भरलेले. रात्रीची वेळ, वर दिवा, आसपास टाकाऊ खोकीं, आणि गिटार घेऊन उभा असलेला एक मनुष्य. दुसऱ्या एखाद्या गायकानें आपला चेहरा मोठा करून घेतला असता; येथें गल्ली मोठी आणि नायक लहान आहे. म्हणूनच तो आकाशांतून वाट चुकून या बोळांत उतरला असावा, असें वाटतें. २०१२ सालीं तेथें एक स्मृतिफलक लावण्यांत आला. त्यावर ठळक अक्षरांत नांव आहे तें झिगीचें! कधींच न जन्मलेल्या माणसाचें स्मारक व्हावें, यांत त्या चित्राचें सामर्थ्य आलें.

१९७३ सालचें ‘अॅलॅडिन सेन’ याहून प्रसिद्ध. त्याच्या इंग्रजी नांवांतच ‘एक वेडा पोर’ असा श्लेष दडलेला आहे. पियेर लारोशनें रंगविलेली तांबडी-निळी वीज चेहऱ्यावरून तिरपी उतरते. छायाचित्र ब्रायन डफीचें. वीज सर्वांच्या ध्यानांत राहते, पण चित्राचें मर्म मिटलेल्या डोळ्यांत आहे. गाणीं बव्हंशीं अमेरिकेच्या दौऱ्यांत लिहिलेलीं, अस्वस्थ आणि धापा टाकणारीं. चेहरा मात्र मृताच्या मुखवट्यासारखा शांत. हा विरोध हेंच त्या गाण्यांवरचें भाष्य होय.

परंतु येथेंच एक अनर्थही घडला. वीज गाण्यांहून बलवान ठरली. ज्यांनीं बोवीचें एकही गाणें ऐकलें नाहीं, त्यांच्याही सदऱ्यांवर ती मिरवते. त्याच्या जन्मस्थानीं, ब्रिक्स्टनमध्यें, एका भिंतीवर २०१३ सालीं हाच चेहरा रंगविला गेला. २०१६ च्या जानेवारींत तो वारल्यावर लोकांनीं फुलें वाहिलीं तीं याच चित्रापुढें. मरण पावला तो एकोणसत्तर वर्षांचा मनुष्य. शोक झाला तो पंचविशींतल्या चेहऱ्याचा. प्रतिमा कलावंताला चिरंजीव करते खरी, पण कोणत्या वयांत, हें त्याच्या हातीं ठेवीत नाहीं.

बोवीनें हा धोका ओळखला होता. १९७७ सालच्या ‘हीरोज’वरील त्याची कृष्णधवल मूर्ति मासायोशी सुकितानें टिपलेली, हात ताठ उचललेला, नजर थिजलेली. २०१३ सालीं ‘द नेक्स्ट डे’साठीं जोनाथन बार्नब्रुकनें तेंच वेष्टन घेतलें, जुन्या नांवावर काट मारली आणि चेहऱ्यावर पांढरा चौकोन बसविला. प्रथमदर्शनीं हा आळस वाटतो. पण चेहरा झांकला तरी आपण माणूस ओळखतोंच. म्हणजे तो चेहरा कागदावर नसून आपल्याच मनांत ठाण मांडून बसला आहे, याची कबुली हा चौकोन आपल्याकडून घेतो. ८ जानेवारी २०१६ रोजीं निघालेल्या ‘ब्लॅकस्टार’वर तर चेहराच नाहीं, आहे तो केवळ काळा तारा. मोठ्या तबकडीच्या वेष्टनांत तो कापून काढलेला असून त्यांतून आंतली तबकडी दिसते. दोनच दिवसांनीं बोवी गेला.

प्रतिमा म्हणजे खोटेपणा, असें म्हणणाऱ्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं वेषामुळें नट खोटा ठरत नाहीं. वेष्टनाची कसोटी औचित्याची आहे: तें श्रोत्याला गाण्याकडे नेतें, कीं स्वतःपाशींच अडवून ठेवतें? या कसोटीवर हेडन स्ट्रीटचा तो लहानसा मनुष्य विजेच्या चेहऱ्याहून श्रेष्ठ ठरतो, आणि ज्याच्या छिद्रांतून तबकडीच दिसते असा तो काळा तारा त्या दोहोंहून.