तीच पेशी का निवडली?

पॅच-क्लॅम्प शिकायला गेलात की कुणीतरी सीनियर १९८९ चा एक पेपर तुमच्या हातात ठेवेल: एडवर्ड्स, कोनर्थ, साकमान आणि ताकाहाशी यांचा. मेंदूची पातळ स्लाइस कापायची, मायक्रोस्कोपखाली एक न्यूरॉन शोधायचा, त्याच्यावरचा पसारा पिपेटने साफ करायचा आणि मग दुसरी पिपेट टेकवून सील लावायचं. नेहर आणि साकमान यांची ही पद्धत (१९९१ चं नोबेल यांनाच) तोवर बहुतेक सुट्या किंवा कल्चरमधल्या पेशींवर चालायची. जोडण्या बऱ्यापैकी शाबूत असलेल्या न्यूरॉनवर ती आणली, हे या पेपरचं खरं मोठेपण. नक्की वाचा.

माझी तक्रार आहे ती त्यानंतर पडलेल्या सवयीबद्दल. पेशी दिसायला लागली, तशी ती निवडताही यायला लागली. आपण गुळगुळीत, टवटवीत पेशी घेतो. फुगलेली, आत केंद्रक ठळक दिसणारी सोडतो, कारण ती मरायला टेकलेली असते. इथवर ठीक. पण मधल्या कितीतरी पेशी केवळ 'नको वाटली' म्हणून सुटतात, आणि पेपरात फक्त 'n = १२' उरतं. त्याच वर्षी ब्लँटन, लो टर्को आणि क्रिगस्टाइन यांनी स्लाइसमध्येच न बघता पॅच करायची रीत दिली: पिपेट पुढे सरकवायची, रेझिस्टन्स वाढला की पेशी लागली. तीही निःपक्षपाती नाही, मोठ्या पेशी जास्त लागतात. पण तिथे निदान डोळ्यांची आवड मध्ये येत नाही.

दुसरी चाळणी रेकॉर्डिंग झाल्यावर लागते. पिपेटचं तोंड हळूहळू बुजतं, सिरीज रेझिस्टन्स वाढतो आणि सिनॅप्सचा करंट आहे त्याहून लहान आणि संथ दिसतो. म्हणून २० टक्क्यांहून जास्त बदल झालेली पेशी बाद करतात. नियम चांगलाच आहे, फक्त तो कधी लावला ते विचारा. मी एकदा नऊपैकी चार पेशी बाद केल्या, ग्राफ बघून झाल्यावर! मॅडमनी एवढंच विचारलं, "उरलेल्या पाचांचा रेझिस्टन्स तपासलास?" तपासला नव्हता. त्यातल्या दोन गेल्या, आणि परिणामही गेला.

आता वहीत प्रत्येक स्लाइसपुढे चार आकडे लिहिते: पिपेट किती पेशींना टेकवली, सील किती लागली, आत किती शिरले, ठेवल्या किती. गेल्या मंगळवारचे: १४, ९, ६, ३.