‘नियमनमुक्ति’

अर्थशास्त्राच्या परिभाषेंतून वृत्तपत्रांत व तेथून घरोघरीं आलेला ‘नियमनमुक्ति’ हा शब्द मराठीनें फारशी चौकशी न करितां स्वीकारला, असें आम्हांस वाटतें. उद्योगव्यापारावरील सरकारी नियंत्रण काढून घेणें, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या भाषेंत ‘मुक्ति’च्या आधीं काय येतें? कर्ज, रोग, व्यसन. त्या पंक्तीस ‘नियमन’ नेऊन बसविलें कीं वादाचा निकाल वाद होण्यापूर्वींच लागतो. लक्ष्मी रस्त्यावर खोळंबलेल्या पुणेकरापुढें ‘वाहतुकीची नियमनमुक्ति’ असा शब्द उच्चारून पाहावा! (ती त्यास बहुधा आधींच लाभली आहे.)

मुंबई इलाख्यांत 1939 सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, तो खोटीं वजनें व मनमानी कपात यांतून शेतकऱ्यास सोडविण्यासाठीं. त्या काळीं नियमन हीच मुक्ति होती. पुढें 1963 च्या कायद्याखालीं बाजार समितीचें आवार व परवानेवाला आडत्या हेच शेतकऱ्याचे पाश झाले, ही तक्रारहि खोटी नव्हे.

जुलै 2016 मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला ‘नियमनमुक्त’ केला, असें सर्वत्र छापून आलें. झालें तें इतकेंच कीं, गुलटेकडीसारख्या आवाराबाहेरच्या विक्रीवरील समितीचा अंमल उठला. आवारांत तो कायम राहिला. शिवाय आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, असा नवा नियम त्याच वेळीं घालण्यांत आला, आणि व्यापाऱ्यांनीं राज्यभर बंद पुकारला त्यांत या नियमाचाहि रोष होता. एक गांठ सोडून दुसरी मारणाऱ्या निर्णयास ‘मुक्ति’ म्हणणें आम्हांस तरी जड जातें.

त्या मानानें 24 जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाविषयीं बोलतांना वापरला जाणारा ‘परवाना रद्द’ हा साधा प्रयोग अधिक प्रामाणिक आहे. काय गेलें तें तो सांगतो, आणि 18 उद्योगांस परवाना तेव्हां तरी राहिलाच होता, हें सांगावयास जागाहि ठेवितो. आकुर्डीच्या स्कूटरसाठीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहिलेल्या कुटुंबांस तेवढ्या शब्दानेंहि पुरेसा आनंद झाला असता.

नवा शब्द घडवावा, असा आमचा आग्रह नाहीं. कोणता नियम, कोणावरचा आणि कोठपर्यंत काढला, एवढें वाक्यांत आलें म्हणजे झालें. खुद्द 1963 च्या त्या अधिनियमाच्या नांवांत तर ‘विकास व विनियमन’ हे दोन शब्द एकाच कंसांत शेजारीं शेजारीं बसले आहेत.