सांस्कृतिक बुद्धिमत्तेची संकल्पना आणि बीडचा ऊसतोड कामगार : एक चिकित्सा

व्यवस्थापनशास्त्रात 'सांस्कृतिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना आता स्थिरावली आहे. क्रिस्टोफर अर्ली आणि सून अँग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. परक्या संस्कृतीचे ज्ञान, तिच्याशी जुळवून घेण्याची प्रेरणा आणि त्यानुसार वर्तन बदलण्याची क्षमता ही तिची अंगे होत. या मांडणीसमोर प्रामुख्याने आहे तो परदेशी नेमणुकीवर जाणारा अधिकारी. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांत ती शिकविली जाते, तेव्हा समोर बसलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील दरवर्षी परमुलखात कामाला जातात, ही गोष्ट मात्र विवेचनाबाहेरच राहते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडात व कोपीत राहतात. बालाघाटावरची बोली आणि कोल्हापूर-सांगलीकडची बोली यांत अंतर आहेच. बेळगाव-बागलकोटकडे तर कन्नडशीच गाठ पडते. बागायतदार, चिटबॉय, वाहनचालक या प्रत्येकाशी वागण्याची रीत निराळी असते. हा कामगार ती आत्मसात करतो. ज्ञान, प्रेरणा व वर्तन या तिन्ही कसोट्यांवर तो उतरतो. तरीही सुसंवादाचे जे फळ या संकल्पनेत अभिप्रेत आहे, ते त्याच्या पदरी पडत नाही.

याचे एक कारण मापनाच्या पद्धतीतच आहे. अँग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वीस विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तीत व्यक्ती स्वतःच स्वतःचे मूल्यमापन करते. समोरच्याला काय वाटले, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. ही प्रश्नावली मुकादमाने भरली तर त्याला उत्तम गुण पडतील. तो बहुधा कामगारांच्याच मुलखातला असतो, कारखान्याच्या शेतकी खात्याची भाषा जाणतो आणि भावकीची भाषाही बोलतो. उचल देताना तो नात्याने बोलतो, फिटली नाही की हिशेबाने. दोन जगांत सहज वावरण्याचे हे कौशल्यच त्याचे भांडवल आहे. अशा कौशल्याला निव्वळ गुण मानता येईल काय, याचा विचार या संकल्पनेने पुरेसा केलेला नाही.

उलट दिशेने शिकण्याची जबाबदारी तर कोणावरच टाकलेली दिसत नाही. शेतकऱ्याला 'खुशाली' ही अडवणूक वाटते (आणि अनेकदा ती असतेही). कामगार तिला रिवाज समजतो. या गैरसमजाची मुळे तोडणीच्या दरात आहेत. केवळ संवादकौशल्याच्या कार्यशाळेने ती उपटली जाणार नाहीत.

कामाच्या ठिकाणची परिभाषाच येथे सर्वाधिक बोलकी ठरते. 'कोयता' म्हणजे पतिपत्नीची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. करार कोयत्याचा होतो, उचलही कोयत्यावर दिली जाते. त्यामुळे फडात पुरुषाइतकेच राबणारी स्त्री हिशेबात स्वतंत्रपणे कोठेच येत नाही. गैरहजेरीला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचा दंड कापला जातो. मासिक पाळी, बाळंतपण, आजारपण या तिच्या जगण्यातल्या निरनिराळ्या गोष्टी. मुकादमाच्या वहीत त्या सगळ्यांना हा एकच शब्द आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर या स्त्रियांनी मुकादमाची भाषा, कारखान्याचे वेळापत्रक आणि परक्या गावची रीत हे सारे शिकून घेतले होते. पाळीच्या दिवसांत फडावर न येण्याला खाड्याखेरीज दुसरा शब्द कारखान्याने शिकावा, असे मात्र कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.