‘लाउदातो सी’ : चोविसाव्या परिच्छेदाचे वाचन

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या २४६ परिच्छेदांपैकी चोविसाव्यात एक वाक्य आहे. ध्रुवावरील आणि उंच पठारांवरील बर्फ वितळले, तर मिथेन वायू धोकादायक रीतीने बाहेर पडू शकेल, असा त्याचा आशय. वाक्य लहान आहे. परंतु उपदेशकाला ते फार मोहात पाडते. आम्हीही त्या मोहाला बळी पडलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी सृष्टिपर्वाच्या निमित्ताने आम्ही बजाजनगरच्या युवकांपुढे या परिच्छेदावर बोललो. सायबेरियाच्या समुद्रतळाशी गोठून राहिलेला वायू एके दिवशी एकदम उसळेल आणि थोड्याच वर्षांत पृथ्वीची भट्टी होईल, असे चित्र आम्ही रंगवले. सभागृहात शांतता पसरली. ती आम्हांस आपल्या वक्तृत्वाची पावती वाटली. अखेरीस कारखान्यात पाळीवर काम करणारा एक तरुण उठला. “फादर, तिकडं एवढं सगळं फुटणारच असंल, तर आम्ही ओला कचरा वेगळा ठेवून काय उपयोग?” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र आम्हांस मूळ परिपत्रकाकडे परत घेऊन गेला. ते वाक्य आम्ही नीट वाचले होते काय?

वाचले नव्हते. पहिली चूक क्रियापदाची. परिपत्रक शक्यता सांगते. आम्ही भाकीत सांगितले. शक्यतेला आधार आहेच. उत्तरेकडील गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन साठलेला आहे. वातावरणात आज आहे त्याच्या हे जवळपास दुप्पट. पूर्व सायबेरियाच्या उथळ समुद्रातून मिथेन झिरपत असल्याचे नतालिया शाखोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नोंदवले. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात, तेथून एका दशकात ५० अब्ज टन मिथेन सुटल्यास जगाचे किती नुकसान होईल याचा हिशेब मांडला गेला. ते गृहीतक होते, आणि अनेक शास्त्रज्ञांनी त्यास हरकत घेतली. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की समुद्रतळीच्या गोठलेल्या मिथेनमुळे या शतकात मोठा फरक पडणे फारच असंभाव्य आहे. जमिनीतील कार्बन मात्र ती वितळेल तसतसा सुटत राहील, आणि एकदा सुटलेला तो परत बांधता येणार नाही. आम्ही स्फोट सांगितला. खरे संकट झिरपण्याचे आहे.

दुसरी चूक अंतराची. आर्क्टिक म्हणजे कोठले तरी परके टोक, अशा थाटात आम्ही बोललो. वस्तुतः गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, आणि त्याचे ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. तेथील सागरी हिमाची घट आणि आपल्याकडे मोसमाच्या अखेरीस होणारी अतिवृष्टी यांत संबंध असू शकतो, असे या केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. सप्टेंबरच्या पावसात उभे सोयाबीन कुजताना पाहिलेल्या मराठवाड्याला उत्तर ध्रुव दूर कसा वाटावा?

येथवरचा दोष आमचा. एक उणीव मात्र मूळ लेखनाचीही आहे, आणि ती आदरपूर्वक सांगितली पाहिजे. एकविसावा परिच्छेद कचऱ्याविषयी आहे; आपले घर असलेली ही पृथ्वी उकिरडा होत चालल्याची व्यथा तो मांडतो. तीनच परिच्छेदांनंतर बर्फाखालचा मिथेन येतो. या दोहोंना जोडणारा धागा मजकुरात नाही. म्हणून वाचकाला एक विषय घाणीचा वाटतो आणि दुसरा ध्रुवाचा. वायू तर एकच आहे! ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजतो, तेव्हा त्यातून मिथेन निघतो.

आमच्या शहराला हा धागा ठाऊक असायला हवा होता. वर्षानुवर्षे नारेगावच्या डेपोत कचरा साठला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, शहरभर ढीग लागले, आणि मार्चमध्ये मिटमिटा येथे दगडफेक व लाठीमारापर्यंत पाळी गेली. आपण दुर्गंधीची चर्चा केली, राजकारणाची केली. त्या ढिगांतून निघणाऱ्या वायूची केली नाही.

माणसाच्या उद्योगांतून निघणारा मिथेन एकूण मिथेनच्या सुमारे ६० टक्के आहे. तो खनिज इंधनांतून, गुराढोरांतून, भातशेतीतून आणि कचऱ्यातून येतो. वीस वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूपेक्षा सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. परंतु हवेत टिकतो बारा वर्षांच्या आसपास. कर्बवायूचा परिणाम शतकानुशतके उरतो. याचा अर्थ असा, की आज मिथेन आवरला, तर त्याचे फळ आजच्या बालकांना त्यांच्या तारुण्यातच दिसेल. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याचा संकल्प केला, तो याच कारणाने. भारत त्यात सामील झाला नाही.

२०२३ च्या ‘लाउदाते देऊम’ या पुढील पत्रात पोप फ्रान्सिस यांनी तोल अधिक नेमका साधला आहे. प्रलयाची काही निदाने अवास्तव वाटतील, असे ते मान्य करतात. तरीही आपण एका निर्णायक उंबरठ्याजवळ येत असू, ही शक्यता नजरेआड करू नका, असे बजावतात. आम्ही अवास्तव तेवढे उचलले होते.

म्हणून आमची सूचना इतकीच, की ‘लाउदातो सी’ वाचताना एकविसावा, चोविसावा आणि दोनशे अकरावा हे परिच्छेद एकत्र वाचावेत. शेवटच्यात पोप लहान लहान सवयी सांगतात. खाऊ तेवढेच शिजवावे आणि कचरा वेगळा करावा, या त्यांतल्याच. हा उपदेश पूर्वी आम्हांस सौम्य वाटला होता. चोविसाव्यानंतर लगेच वाचला, की त्याचे वजन कळते.

त्या तरुणाला त्या दिवशी द्यावयाचे उत्तर हे होते : बाबा रे, तिकडचा मिथेन तुझ्या हातात नाही. तुझ्या बादलीतला आहे. तो आवरला, तर तिकडचे बर्फही थोडे सावकाश वितळेल.