तेच तुणतुणं आणि बेस गिटार

मंडळी, हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळमध्ये बेस गिटारवर व्याख्यान, म्हणजे जरा विचित्रच! पण जवळच नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. तिथलं तुणतुणं आठवा. एक तार, एक खुंटी. स्वरही धरायचा आणि लयही. बेसचं काम याहून फार वेगळं नाही.

तरुण मुलं विचारतात, साधा आणि जुन्या स्वराचा बेस कोणता घ्यावा? बहुधा फेंडरची दोन मॉडेलं समोर असतात. प्रिसिजन १९५१चा : एक पिकअप, दोन बटणं, आवाज आणि टोन. जॅझ बेस १९६०चा : दोन पिकअप, मान बारीक, दोन्हींचं मिश्रण करता येतं. रंग अधिक, तशी निवडही अधिक.

माझा कौल प्रिसिजनला. बटणं कमी म्हणून नव्हे, तर बटणं कमी असली की जबाबदारी बोटांवर येते म्हणून. साधेपणा हा वस्तूचा गुण कमी, वाजवणाऱ्याची शिस्त जास्त.

आणि जुना स्वर? मुद्दाम रंग खरवडलेल्या नव्या गिटारी महाग विकतात. त्यात वय विकत मिळतं, स्वर नाही. त्यापेक्षा सपाट गुंडाळीच्या तारा लावा, टोनचं बटण उतरवा, घोडीपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा ठेवा. स्वर बुटका, गोल होतो. खर्च थोडाच.

आपण ‘तेच तुणतुणं’ म्हणून हिणवतो बघा. पण ते थांबलं की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. बेस निवडताना एवढंच विचारा : याच्या आधारावर दुसऱ्याला निर्धास्त गाता येईल का?