कार्यशाळेचें माप

केतकरांनीं आपला ज्ञानकोश २३ खंडांत सिद्धीस नेला, तो भागभांडवलाची मंडळी काढून व पगारी लेखकवर्ग बसवून. २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाजवळ असा वर्ग नाहीं. तेथील संपादन हौशी स्वयंसेवकांच्या हातीं आहे. हे हात तयार व्हावेत म्हणून महाविद्यालयांतून कार्यशाळा भरविल्या जातात. हेतु स्तुत्य आहे. पण कार्यशाळेनंतर जे अहवाल निघतात, त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

अशा अहवालांत बहुधा उपस्थितांची संख्या, उघडलेलीं नवीं खातीं व त्या दिवशीं झालेलीं संपादनें एवढेंच असतें. त्यांत खोटें कांहीं नसतें. परंतु लग्नाच्या पंगतींतील पानें मोजून संसार सुखाचा झाला असें कोणी म्हणत नाहीं. एका वाक्यांतील पांच अनुस्वार पांच वेळां सुधारले, तरी पांच संपादनें भरतात! महिन्यांत निदान ५ संपादनें करणाऱ्यास तेथें सक्रिय संपादक मानतात. सहा महिन्यांनीं असे किती उरले, हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर गुप्त नाहीं. प्रत्येक लेखाचा इतिहास व प्रत्येक सदस्याचें योगदान कोणासही पाहतां येतें. पाहण्याची इच्छा मात्र हवी.

कोणी म्हणेल, जो परतला नाहीं तोहि सावध वाचक होऊन गेला. असेल; पण मग तोहि विचारून पाहावा, गृहीत धरूं नये.

दुसरें माप आधाराचें. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. तेथील ग्रंथ उघडून आपल्या गांवाविषयीं कोणी एक परिच्छेद साधार लिहिला, व इतरांच्या तपासणींतून तो वर्षानंतरहि टिकला, तर शंभर खात्यांहून आम्ही त्यास अधिक मोल देऊं.

डोंबिवलीकरांनीं २०१७ सालीं साहित्यसंमेलन भरवून दाखविलें. माणसें जमविणें आमच्या बाजूस अवघड नाहीं. पण आमचा विद्यार्थी गांवाची पहिली माहिती आतां विकिपीडियांतूनच घेतो, आणि तेथें चुकीचें वा रिकामें पान असलें तर उपस्थितीचा आंकडा त्याच्या कांहीं कामाचा नाहीं. म्हणून आयोजकांस आमची एवढीच विनंति : समारोपाच्या दिवशीं लिहिलेला अहवाल अर्धाच समजावा, व उरलेला अर्धा सहा महिन्यांनीं लिहावा.