मादीच्या वाट्याला एक ओळ

पक्षी ओळखण्याची पुस्तकं आपल्याकडे कुणी गद्य म्हणून तपासत नाही. तपासायला हवीत. जास्वंदीवर काहीतरी हललं की आपला डोळा आधी कुठे जाणार, हे बऱ्याचदा त्यांतली वाक्यंच ठरवतात.

आपल्या बागांमधले दोन शिंजीर घ्या. दोघेही चिमणीहून लहान, वाकड्या चोचीचे. एकाचं इंग्रजी नाव पर्पल सनबर्ड, दुसऱ्याचं पर्पल-रम्प्ड सनबर्ड. दोन्ही नावांत जांभळा रंग आहे आणि तो फक्त नरांचा आहे. गंमत अशी, की नर ओळखायला नावाची मदत लागतच नाही: विणीच्या काळात पहिला नखशिखांत काळा-जांभळा चमकतो, तर दुसऱ्याची पाठ तपकिरी-लाल आणि पोट पिवळं. (शेपटीच्या मुळाशी असलेला जो जांभळा ठिपका नावात मिरवतो, तो सहसा दिसत नाही तो नाहीच.) खरा घोळ माद्यांचा. दोघीही वरून मातकट, खालून पिवळ्या. पुस्तकात मात्र नराचं वर्णन रंगत जातं आणि मादीच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते. खूण तर सोपी आहे: पहिलीचा गळाही पिवळट, दुसरीचा पांढुरका आणि पिवळेपणा छातीपासून सुरू. विणीनंतर पहिल्याचा नरही पिवळा पडतो. गळ्यापासून खाली उतरणारी काळी रेघ तेवढी उरते.

अशा जोड्यांसाठी रॉजर टोरी पीटरसनने १९३४ साली अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकात वापरलेली रीत मला पटते. सारखे दिसणारे पक्षी शेजारी-शेजारी काढायचे आणि जिथे फरक आहे तिथेच रेघ रोखायची. कोडच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून फक्त बदललेल्या ओळी रंगवाव्यात, तसं. यात नर-मादी असा मानपानही राहत नाही.

पण हीच रीत शिंपी आणि राखी वटवट्यापाशी लंगडी पडते. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट. वटवट्याचं डोकं राखी, लांब शेपटीच्या टोकाला काळे-पांढरे ठिपके. कागदावर फरक लख्ख. कुंपणाच्या झुडपात दोघंही शेपटी उभारून क्षणभर दिसतात आणि रेघ रोखायला पक्षी जागेवर नसतो. इथे सालिम अली कामी येतात. १९४१च्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्ये ते आकार सांगतात तो चिमणी, बुलबुल, मैना यांच्या मापानं, म्हणजे वाचकाच्या ओळखीतल्या पाखरांनी, आणि मग पक्षी काय करतो, कसा ओरडतो, घरटं कसं बांधतो याकडे वळतात. हे गद्य संथ आहे, पण त्यातला पक्षी हलतो.

मराठी नावंही याच वळणाची. शिंपी, वटवट्या, फुलटोच्या: रंग नव्हे, उद्योग. मला ती इंग्रजी नावांहून उजवी वाटतात, त्यात थोडा भाषेचा पक्षपात असेल. मात्र उद्योगावरून ठेवलेलं नावही चकवतं. राखी वटवट्याही कधी कधी पानं शिवून घरटं करतो, अगदी शिंप्यासारखं.

आणि शिंजिरांकडे परत यायचं तर, कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं, सालींचे तुकडे चिकटवलेलं ते लोंबतं घरटं बहुतांशी मादीच विणते. उद्योगावरून नाव ठेवायचं ठरलं असतं, तर ते तिच्यावरून पडलं असतं.